दोर कुठे अडकवायचा

संगमेश्वरच्या इतिहासात एक दोर आहे, आणि त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. १६६१ साली शिवाजी महाराजांची कोकणात स्वारी चालू होती. संगमेश्वरात तानाजी मालुसरे आणि पिलाजी नीळकंठराव सैन्य घेऊन होते. शृंगारपूरच्या सूर्यराव सुर्व्यांच्या फौजेनं रात्रीच्या अंधारात त्यांच्यावर छापा घातला. पिलाजींचा धीर सुटला, ते निघून जाऊ लागले. तानाजींनी त्यांना गाठलं, मागं ओढून आणलं, दोरानं एका दगडाला बांधून टाकलं आणि स्वतः पुन्हा लढाईत उभे राहिले. छापा उधळला गेला. कवींद्र परमानंदानं ‘शिवभारता’त हा प्रसंग लिहून ठेवला आहे. पुढं १ फेब्रुवारी १६८९ रोजी याच गावात संभाजी महाराज पकडले गेले, आणि त्या दुःखापुढं पिलाजींच्या दोराची गोष्ट मागं पडली.

संगमेश्वरच्या बाजारात माझं दोर-ताडपत्रीचं दुकान आहे. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी ते थाटलं. त्यांच्यामागं मी चालवते. आण्णा ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगायचे, ती त्यातल्या दगडासाठी. दोर घ्यायला आलेला माणूस जाडी विचारतो, लांबी विचारतो, भाव करतो. दोर अडकवणार कशाला, हे मात्र आपण त्याला विचारावं लागतं. दोर कितीही चांगला असो, तो ज्याला बांधला तेच हललं तर बांधणं फुकट गेलं. तानाजींनी न हलणारी वस्तू निवडली, म्हणून तो दोर कामाला आला, असं आण्णांचं म्हणणं.

हे मी मनापासून मानते, आणि आमच्या गावावरून गेलेल्या मालाचा इतिहासही मला तेच सांगतो. इथून माल होडीतून गेला, बैलाच्या पाठीवरून गेला, गाडीतून, ट्रकमधून, रेल्वेच्या सपाट वाघिणीवरून गेला. आता पिकअपच्या हौद्यात अख्खी खोली बसवून माणसं फिरायला निघतात. दर वेळी दोर बदलला. काथ्या गेला, अंबाडी गेली, नायलॉन आलं, पट्टे आले. पण ओझं टिकलं की सुटलं, याचा निकाल दर वेळी दोराच्या दुसऱ्या टोकाशी लागला.

सुरुवात खाडीपासून करायला हवी. शास्त्री नदी सह्याद्रीत उगम पावते आणि जयगडला समुद्राला मिळते. सोनवी तिला संगमेश्वरात येऊन भेटते. जयगडाकडून भरतीचं पाणी आत चढायचं आणि त्या पाण्याबरोबर मालाची जहाजं आत यायची. खाडीची वाट जिथं संपते तिथून घाटाची वाट सुरू होते, अशा जागी हे गाव वसलं, म्हणून इथं बाजार भरला. खाडी गाळानं भरत गेली तशी मोठी जहाजं मागं मागं थांबू लागली. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी खंड १८८० साली निघाला, तोवर संगमेश्वराच्या धक्क्याला मोठं जहाज लागणं बंद झालं होतं, आणि माल खाली फुणगूसच्या बाजूला उतरू लागला होता. तिथून लहान होड्या, मग बैल.

या खाडीवरचा दोर म्हणजे सुंभ. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात कित्येक महिने कुजत घालायची, मग बडवून काथ्या मोकळा करायचा आणि तो वळून सुंभ काढायचा. खाऱ्या पाण्यात बाकीचे दोर कुजतात, काथ्या टिकतो. शिवाय तो ताणला जातो. तुटायच्या आधी तो चांगला लांबतो आणि ओढ सरली की बराचसा मागं येतो. लाटेचा हिसका बसतो तेव्हा हेच उपयोगी पडतं. ताठ दोर सगळा हिसका एकदम कडीवर नेऊन टाकतो. काथ्या तो थोडा थोडा करून सोसतो. मालवणापासून गोव्यापर्यंत रापणीच्या होड्यांच्या फळ्या खिळे न मारता काथ्यानं शिवल्या जात. होडीला तोल देणारी उलांडी, म्हणजे बाजूला तरंगणारा ओंडका, तोही काथ्यानंच बांधत. लोखंडाचा खिळा गंजून फळीला भोक पाडतो. सुंभ सैल झाला तर पुन्हा आवळता येतो.

पण जहाजातला माल दोरानं बांधून ठेवण्यावर खलाशांचा फारसा भर नसे. त्यांची विद्या माल रचण्यात होती. मंगळुरी कौलांचं उदाहरण घ्या. बासेल मिशननं १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढं ती लाल कौलं फत्तेमारीतून कोकणच्या खाड्याखाड्यांत आली. आमच्याकडच्या कितीतरी जुन्या घरांवर ती आजही आहेत. कौल ही फार नाजूक वस्तू. ती उभी, एकीला एक टेकवून, मधे भाताचा पेंढा दाटून रचायची. कुठं बोटभर फट राहू द्यायची नाही. फट राहिली की पहिल्या डोलण्याला कौल हलतं, दुसऱ्याला शेजारच्यावर आपटतं, आणि नंतर अख्खी रास एका कुशीला सरकते. माल सरकलेलं जहाज पुन्हा सरळ होत नाही. म्हणून आधी जागा भरून काढायची, ओझ्याला हलायला वावच ठेवायचा नाही, आणि मग दोराकडं वळायचं. माझ्या धंद्यातला हा पहिला धडा आहे, आणि तो दोर विकणाऱ्यानं नाही, दर्यावरच्या माणसांनी शिकवला.

खाडी संपली की घाट. साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरकडं जाणारी वाट जुनी आहे. संभाजी महाराजांवर चालून आलेला मुकर्रबखान कोल्हापूरकडूनच घाट उतरून आला होता. एरवी या घाटवाटांनी मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर जायचे. गूळ, तंबाखू, मिरची खाली यायची. गाडीरस्ते होण्यापूर्वी हा सगळा व्यापार बैलांच्या पाठीवर होता. बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना गोणी टाकत. इथं बांधण्यापेक्षा वजन जुळवणं मोठं. एक गोण जड झाली की ओझं त्या अंगाला उतरतं, पट्टा बैलाच्या कातडीत रुततो आणि संध्याकाळपर्यंत जनावराची पाठ सोलून निघते. दोर आवळून हा दोष झाकता येत नाही; आवळाल तितकी जखम खोल. तांडेवाले म्हणूनच लादताना दोन्ही बाजूंना दोन माणसं उभी करून गोणी एकदम उचलत.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी घाटातून गाडीरस्ते काढले आणि बैलगाड्या आल्या. त्यांच्याबरोबर घाटमाथ्यावरचा दोर खाली आला: अंबाडीचा, तागाचा, घायपाताचा. देशावर दोर वळण्याचं कसब पिढ्यान् पिढ्या मातंग समाजानं सांभाळलं. सोल भिजवून, पिंजून, तीन पदर सारख्या पिळानं वळणं हे काम दिसतं तितकं सोपं नाही. एका पदराला पीळ कमी पडला तर सगळी ओढ उरलेल्या दोघांवर येते. आण्णा नवा दोर हातात घेऊन उलट दिशेला पिळून उघडायचे आणि आतले पदर बघायचे. बाहेरून सगळे दोर चांगलेच दिसतात.

अंबाडीच्या दोराची एक खोड होती. तो भिजला की आखडतो, वाळला की सैल पडतो. भर पावसात घाट चढताना गाडीवरचा दोर आपोआप इतका आवळला जायचा की गोणी फाटावी. घाटमाथा ओलांडून पलीकडं ऊन लागलं की तोच दोर लोंबायला लागायचा. म्हणून गाडीवान दोर कडेच्या उभ्या काठ्यांना बांधत नसत. काठी वाकते, निखळते. दोर गाडीच्या खालच्या दोन मुख्य लाकडांखालून फिरवून घेत, आणि मधे एक दांडकं घालून त्याला पीळ देत. दोर सैल पडला की दांडक्याला आणखी एक फेरा, फार आवळला की एक फेरा कमी. इतका साधा उपाय, पण त्यानं ओढ हवी तितकी ठेवता यायची.

गाडीचं दुसरं शास्त्र वजन कुठं बसतं याचं. मागं वजन जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास लागतो. पुढं जास्त झालं की उतारावर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. चाकांच्या कण्यावर वजन तोलून, किंचित पुढं झुकतं ठेवायचं, असा नियम होता. बैलगाडी गेली तरी हा नियम गेला नाही. पिकअपच्या गोष्टीत तो पुन्हा भेटणार आहे.

ट्रकांच्या काळात माल मोठा झाला, वेग वाढला, पण दोर अडकवायची जागा खालीच राहिली. लाकडी हौद्याच्या तळाशी, आडव्या पट्ट्यांना ठोकलेले हुक, हे माझ्या लहानपणचे ट्रक. माल भरला, वरून ताडपत्री टाकली की क्लीनर एका बाजूनं दोर वर फेकायचा आणि ड्रायव्हर दुसऱ्या बाजूनं ओढून हुकात अडकवायचा. ओढायची एक खास तऱ्हा होती, ती आजही चांगला ड्रायव्हर वापरतो. दोराच्या मधेच एक फास घ्यायचा, टोक खालच्या हुकातून आणून त्या फासातून घालायचं आणि पाय हौद्याला लावून खाली खेचायचं. दोर दोनदा वळतो, त्यामुळं हिशोबानं एका माणसाच्या अंगातल्या जोराच्या दुप्पटीहून जास्त ओढ लागते. घासण्यात त्यातली बरीच वाया जाते, उरलेली पुरते. शेवटी गाठ अशी की भार असताना सुटणार नाही आणि टोक खेचलं की एका झटक्यात मोकळी होईल.

आमच्या भागात या कसबाची खरी परीक्षा आंब्याच्या हंगामात व्हायची. मार्च ते मे हापूसच्या पेट्या मुंबईला जायच्या. आधी क्रॉफर्ड मार्केटला, आणि फळबाजार १९९६ मध्ये वाशीला गेल्यानंतर तिथं. पेटीत भाताच्या पेंढ्यावर आंबा ठेवलेला असतो. तो वाटेत पिकत असतो, श्वास घेत असतो, ऊब सोडतो. ताडपत्री चारी बाजूंनी गच्च आवळली तर आत आंबा उकडतो. दोर गच्च ओढला तर वरच्या थरातल्या पेट्यांच्या कडा दबतात. सैल सोडला तर निवळीच्या आणि परशुरामाच्या घाटातल्या वळणांवर पेट्या चालायला लागतात. हमाल यावर तोड काढत. पेट्या वीट बांधतात तशा सांधा चुकवून रचायच्या, फळ्यांच्या पट्ट्या कडेला लावून दोर त्या पट्टीवरून घ्यायचा म्हणजे ओढ एका पेटीवर न येता सगळ्या रांगेवर पसरते, आणि मागच्या फाळक्याजवळ ताडपत्री वर उचलून वाऱ्याला वाट ठेवायची. लाकडी पेट्या जाऊन पुठ्ठ्याची खोकी आली तेव्हा तर हे आणखी गरजेचं झालं. पुठ्ठा दोराखाली चिरतो. तेव्हापासून मी दोराबरोबर पुठ्ठ्याचे कोपरेही ठेवते, आणि बागायतदार ते नेतात.

दोरही याच काळात बदलला. नायलॉन १९३५ मध्ये अमेरिकेत तयार झालं. आपल्या बाजारात ते रुळायला बराच काळ गेला, पण आलं ते काथ्याला आणि अंबाडीला बाजूला सारून. त्याच्यामागून प्लास्टिकचा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा, निळा-पिवळा स्वस्त दोर आला. आण्णांनी दुकानात दोन्ही ठेवले आणि दोघांचे गुण पाठ केले. नायलॉन ताणतं, हिसका सोसतं, पण भिजल्यावर आणखी ढिलं होतं. प्लास्टिकचा दोर पाण्यावर तरंगतो, कुजत नाही, पण उन्हानं एका हंगामात त्याची पूड होते. बोटानं घासलं तर पांढरा भुगा निघतो, असा दोर फेकावा. आणि घासटणारी कड मिळाली तर दोन्ही दोर कापले जातात. हे आण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. दोन मिनिटं जास्त लागायची. त्या दोन मिनिटांचे त्यांनी कधी पैसे घेतले नाहीत, मीही घेत नाही.

मग रेल्वे आली. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं, ई. श्रीधरन यांच्या हाताखाली काम उभं राहिलं आणि २६ जानेवारी १९९८ रोजी सबंध मार्ग वाहतुकीला खुला झाला. संगमेश्वर रोड हे आमचं स्टेशन. पुढं उक्षी, आणि उक्षी सोडल्यावर करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा. पुढच्याच वर्षी, २६ जानेवारी १९९९ ला, कोलाड ते वेर्णा अशी रो-रो सेवा सुरू झाली. भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवायचे, ड्रायव्हर आणि क्लीनर आपल्या केबिनमध्येच बसून राहणार, आणि गाडी त्यांना गोव्यात नेऊन उतरवणार. स्टेशनावर उभं राहून मी ही गाडी पाहिली तेव्हा मला फार आनंद झाला. माझ्या दुकानातून नेलेल्या दोरांनी बांधलेले ट्रक आता स्वतःच बांधलेले होते.

त्या बांधण्यात शिकण्यासारखं बरंच आहे. ट्रक वाघिणीवर चढला की हँडब्रेक ओढतात, गिअर टाकतात आणि चाकांना पाचर लावून अडवतात. म्हणजे आधी सरकायला जागा नाही, खलाशांचा कौलांचा धडा. मग साखळ्या. साखळी ट्रकच्या हौद्याला अडकवून भागत नाही, कारण हौद्याच्या फळ्या आणि पत्रा तो जोर सोसत नाहीत.  ती खालच्या सांगाड्याशी बांधावी लागते. वाघिणीच्या बाजूलाही फळीला नाही, सांगाड्यात बसवलेल्या कडीला. दोन सांगाडे एकमेकांशी जोडले गेले की ओढ दोन्हीकडं मजबूत जागी जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये गणपतीच्या तोंडावर याच मार्गावर खासगी मोटारींसाठीही रो-रो सुरू झाली.

या सगळ्या इतिहासाचा माझ्या दुकानात रोज उपयोग होतो, आणि तो सर्वांत जास्त एका नव्या गिऱ्हाइकासाठी. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चाकांवरची खोली घेऊन कोल्हापूर-पुण्याकडून आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याला, मालवणला निघालेली माणसं दिसू लागली. सगळ्यांकडं मोठी तयार गाडी नसते. काहींनी आपल्या पिकअपच्या हौद्यात बसेल अशी खोली फॅब्रिकेटरकडून करून घेतलेली असते: लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर पत्रा किंवा प्लाय, आत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी. सहल संपली की खोली उतरवायची आणि पिकअप पुन्हा कामाला. अमेरिकेत अशा खोल्यांची पद्धत जुनी आहे आणि तिथं तिला बांधायचं वेगळं सामान मिळतं. इथं माणूस माझ्या दुकानात येतो आणि म्हणतो, “काकी, चांगला पाच टनी पट्टा द्या.”

मी पट्टा काढते, पण आधी बाहेर येऊन गाडी बघते. बहुतेक वेळा पट्ट्याचा हुक हौद्याच्या कडेच्या कडीत असतो. ती कडी ताडपत्रीच्या दोरासाठी, पत्र्याला लावलेली. ताडपत्रीचा भार किती? वारा. आणि इथं त्या कडीवर एका खोलीचा भार टाकायचा आहे.

हिशोब मी तिथंच पाटीवर करून दाखवते. खोली सामानासकट ७०० किलो धरा. जोरात ब्रेक लागला तर ओझं वजनाच्या ०.८ पट जोरानं पुढं जायला बघतं, असं अमेरिकेतले आणि युरोपातले नियम धरून चालतात. म्हणजे ५६० किलोचा जोर. वळणावर बाजूला आणि धक्क्यानं मागं ०.५ पट, म्हणजे ३५० किलो. ५ टनी पट्ट्यावरचा पाच हा आकडा बहुतेक वेळा तुटायचा असतो. काम करायचा आकडा साधारण त्याचा तिसरा हिस्सा. तरीही दीड टनाहून जास्त झाला, एका पट्ट्याला पुष्कळ. पट्टा अडचण नाहीच. पट्ट्याच्या खालची कडी आणि कडीखालचा पत्रा किती सोसेल, हा प्रश्न आहे, आणि त्याचा आकडा कुठल्याच लेबलवर छापलेला नसतो.

म्हणून मी सांगते, आधी फॅब्रिकेटरकडं जा. हौद्याच्या खाली, चासीच्या लांब पट्ट्यांवर, चार ब्रॅकेट बोल्टानं बसवून घ्या; दोन केबिनच्या मागं, दोन मागच्या फाळक्याच्या जवळ. बांधायचं ते त्या चार जागांना. खोलीच्या बाजूलाही प्लायला हुक नको, आतल्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली कडी हवी. रो-रोच्या साखळ्यांचं तत्त्व हेच.

मग कोन. पट्टा सरळ खाली ओढला तर खोली हौद्यावर दाबली जाते, पण पुढं-मागं सरकायला मोकळी राहते. आडवा ओढला तर सरकत नाही, पण उडते. पुढचे दोन पट्टे खाली आणि थोडे पुढं, मागचे दोन खाली आणि थोडे मागं ओढतील असं ठेवलं की एक जोडी दुसरीला उत्तर देते. जमिनीशी ४५ अंशांचा कोन असेल तर ओढीतला सुमारे ७० टक्के भाग खाली दाबायला लागतो. कोन ३० अंशांवर आला की निम्माच. सरकणं अडवायचा दुसरा स्वस्त मार्ग म्हणजे खोलीखाली रबरी चटई. पत्र्यावर पत्रा घसरतो. रबरावर घसरत नाही. आणि खोली व केबिनमागची भिंत यांच्यात रिकामी जागा राहिली असेल तर तिथं लाकूड ठोकून ती भरून काढा.

पट्टा घ्यायचा की टर्नबकल, म्हणजे फिरवून आवळायचा आट्यांचा दुवा, हे मग ठरतं. चार दिवसांच्या सहलीला पॉलिएस्टरचा रॅचेट पट्टा पुरतो. पॉलिएस्टर फार ताणत नाही, भिजून ढिलं होत नाही. कडेवर घासणार असेल तर खाली कोपरा घालायचा. मोकळा लांब भाग वाऱ्यानं फडफडू नये म्हणून त्याला अर्धा पीळ द्यायचा. रॅचेटचं उरलेलं टोक बांधून ठेवायचं. जे सतत फिरतात त्यांना मी साखळी आणि स्प्रिंगचा टर्नबकल सांगते. खड्ड्यात चासी पिळते, हौदा तिच्यावर वेगळा हलतो, आणि खोली तिसऱ्याच तऱ्हेनं. ताठ सळई असेल तर हा पीळ वेल्डिंगवर जातो आणि एक दिवस वेल्डिंग सुटतं. स्प्रिंग तो पीळ पोटात घेते. सुंभ लाटेचा हिसका घ्यायचा ते काम इथं पोलाद करतं. टर्नबकल फिरवून बसला की वरचा लॉकचा नट घट्ट करायचा, नाहीतर गचक्यांनी तो उलटा फिरून सैल पडतो. आणि जीव खाऊन आवळायचं नाही. खोलीच्या भिंतीला बाक येईपर्यंत ओढणारे पाहिले आहेत. त्यांची खोली रस्त्यावर नाही, हौद्यातच तुटते.

वजनाचा तोल बैलगाडीवालाच सांगून गेला आहे. पाण्याची टाकी, बॅटरी, गॅस, जे जड ते मागच्या कण्याच्या पुढं आणि खाली. मागं टाकलंत तर पिकअप उलाळ होते, पुढच्या चाकांची पकड कमी होते आणि घाटाच्या वळणावर स्टिअरिंग हलकं लागतं.

कायद्याच्या दोन गोष्टी. खोली वेल्डिंग करून कायमची बसवली तर तो वाहनातला बदल ठरतो आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते. आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून माल बाजूंनी, पुढं-मागं किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेला तर २०,००० रुपयांचा दंड आहे. दंडापेक्षा कलमामागचं कारण मला मोठं वाटतं. घाटात मागून दुचाकीवर एखादं कुटुंब येत असतं. आपल्या हौद्यातलं ओझं त्यांच्या अंगावर जाऊ नये, याची जबाबदारी ते ओझं बांधणाऱ्याची आहे.

मला एका गोष्टीची खंत आहे. ड्रायव्हिंग लायसन्सच्या परीक्षेत आठाचा आकडा काढून दाखवावा लागतो, गाडी मागं घेऊन दाखवावी लागते. मालवाहू गाडीच्या लायसन्सला माल बांधून दाखवायला कुणी सांगत नाही. हे ज्ञान इथं क्लीनरकडून ड्रायव्हरकडं, हमालाकडून हमालाकडं आणि दुकानदाराकडून गिऱ्हाइकाकडं तोंडीच गेलं. आता क्लीनर कमी झाले, पिकअप चालवणारा एकटाच असतो, त्याला हे कोण सांगणार? म्हणून मी दुकानाच्या पडवीत खांबाला चार कड्या लावल्या आहेत आणि एक रिकामी पेटी ठेवली आहे. पट्टा घेणाऱ्याला आधी तिथं बांधून दाखवायला सांगते. तरुण पोरं सुरुवातीला लाजतात, मग दुसऱ्याला शिकवतात. आयटीआयमध्ये, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे शिकवायला हवं, आणि तोवर दोर विकणाऱ्या प्रत्येकानं शिकवायला हवं.

निघताना प्रत्येकाला आणखी एक सांगते. आण्णा सांगायचे, बैलगाड्यांच्या दिवसांत घाट चढण्यापूर्वी गाडीवान साखरप्याला थांबत, बैलांना पाणी पाजत आणि दोर पुन्हा आवळत. प्रवासाच्या पहिल्या टप्प्यात माल बसतो, आणि तो बसला की प्रत्येक दोर सैल पडतो. अमेरिकेत मालवाहू गाड्यांना पहिल्या ५० मैलांच्या आत, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरमध्ये, बांधणी तपासायचा नियम आहे. तो कागदावर यायच्या कितीतरी आधी आमच्या गाडीवानांनी तो पाळला. तुम्हीही पाळा. घाटाखाली गाडी बाजूला घ्या, चारही ठिकाणी हातानं ओढून बघा, खालच्या कड्या वाकून बघा, सैल असेल ते आवळा, आणि मगच चढा.